सांध्यावरचा धागा

पवनीच्या विणकर आळीत राधाबाईचं नाव तिच्या बोटांमुळे होतं. मागावर तुटलेली तार तिनं सांधली की तो सांधा खुद्द विणणाऱ्यालाही पुन्हा सापडत नसे. दोन टोकं अंगठ्यात नि बोटात धरायची, जराशी थुंकी लावायची, पीळ द्यायचा आणि वरून खळीचं बोट फिरवायचं, एवढंच. भाताच्या पेजेची ही खळ विणकराच्या घरी चुलीशेजारच्या गाडग्यात कायम असते. दोन दिवसांची आंबट झालेली खळ राधाबाईला जास्त आवडे, कारण ती चिकट अधिक. कुणाला रूपाचा गर्व असतो, कुणाला लेकांचा. राधाबाईला आपल्या बोटांचा होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

तिचा नवरा मोतीलाल अडुसष्ट वर्षांचा होता. चार वर्षं त्याची लघवी अडखळत होती. राधाबाई डॉक्टरचं नाव काढायची तेव्हा तो म्हणायचा, "म्हातारपन हाये हे. याले का औषध असते?" होळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र लघवी पूर्ण बंद झाली आणि हा बोलका माणूस भिंतीला कपाळ टेकून गुरासारखा कण्हू लागला. मुलगा अनुप वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला होता. तो सुट्टी टाकून धावत आला आणि बापाला नि मायला ऑटोत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी टाकली. प्रोस्टेट ग्रंथी फुगून तिनं वाट अडवली आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल, तोवर नळी आणि पिशवी राहील, असं त्यांनी सांगितलं. तारीख मिळाली एका महिन्यानंतरची.

दवाखान्यातून निघताना रीना सिस्टरनं तिघांना समोर उभं केलं आणि नळी पिशवीला जिथे मिळते त्या जोडावर बोट ठेवलं.

"हा जोड उघडायचा नाही. काही झालं तरी नाही. पिशवी भरली की खालच्या तोटीनं रिकामी करायची. जंतू इथूनच शिरतात."

अनुप शिकलेला. त्यानं घरी येऊन हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद मागाच्या खांबाला चिकटवला. राधाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं तो दोनदा वाचूनही दाखवला. "माय, जोड उघडला तं बाबा हातचे जाईन. ध्यानात ठेव," असं बजावून तो ड्युटीवर गेला. त्याच्या हातून जे होण्यासारखं होतं ते त्यानं केलं, हे त्याच्या बाजूनं आधीच सांगून ठेवते.

मोतीलाल पाचव्या दिवशी मागावर जाऊन बसला. खड्ड्याचा माग, पाय खाली खड्ड्यात, पिशवी पायाला बांधलेली. पाय हलले की नळीला ओढ बसे, आणि चार दिवसांत जोडातून थेंब थेंब गळायला लागलं. त्याला आधी ते कळलंच नाही. शेजारची गिरजाबाई कापड बघायला आली, काठावर हात फिरवता फिरवता तिनं पदर नाकाला लावला आणि "येतो मी मंग," म्हणून दोन मिनिटांत निघून गेली. मोतीलालनं धोटा खाली ठेवला. पन्नास वर्षं त्याच्या कापडाला खळीचा आणि कोऱ्या सुताचा वास आला होता. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि संध्याकाळी राधाबाईकडे न बघता म्हणाला,

"अवो, साऱ्या आळीच्या तारा सांधते तू. हे एवढंसं तुले सांधता येत नाई का?"

आता ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर ती काय देणार होती? तिनं कांडीवरचं पांढरं सूत हातभर काढलं, गाडग्यात बुडवलं, बोटांनी निपटलं. जोड ओला होता. ओल्यावर धागा बसत नाही. म्हणून तिनं नळी पिशवीपासून ओढून काढली, दोन्ही टोकं पदरानं कोरडी केली, पुन्हा घट्ट खोचली आणि वरून धाग्याचे वीस-पंचवीस वेढे असे शेजारी शेजारी बसवले की मधून मुंगीही जाऊ नये. खळ वाळली तसा धागा कडक झाला. मोतीलालनं रात्रभर हात लावून पाहिलं. जोड कोरडा ठणठणीत.

सिस्टरनं जोड उघडायला मनाई केली होती हे राधाबाई विसरली नव्हती. पण तिच्या हिशेबी ती उघडत नव्हती, बंद करत होती. क्षणभर उघडून जन्माचं बंद करायचं, ह्यात कसला आला गुन्हा? ओलीनं धागा एका दिवसात सैल पडे, त्यामुळे तो रोज सकाळी नवा बांधावा लागे, म्हणजे जोड रोज सकाळी उघडावा लागे. ते काम ती आंघोळ करून, देवाला हात जोडून करी. इतक्या मनानं तिनं लग्नाचा शालूसुद्धा कधी सांधला नव्हता.

फक्त दवाखान्यात जायच्या दिवशी ती भंडारा यायच्या आधी ब्लेडनं धागा कापून घ्यायची. सिस्टरचं बोलणं कोण ऐकून घेणार, एवढंच तिच्या मनात असे. कापलेला धागा ती पदराच्या टोकाला बांधून ठेवी, कारण सूत रस्त्यावर टाकायची तिच्या सासरी रीत नव्हती.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी लघवीची तपासणी झाली, ती जंतू वाढवून बघतात ती. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी तारीख खोडली.

"नळी म्हटली की जंतू येणारच," ते अनुपला म्हणाले. "महिनाभरात ते आत वस्ती करतात. तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना, तसं. त्यांनी नुसती वस्ती केली असेल, ताप नसेल, तर आम्ही औषधसुद्धा देत नाही. पण ऑपरेशनमध्ये आतून कापलं जातं. तिथून हे रक्तात गेले तर माणूस दोन दिवसांत संपतो. आणि तुमच्या वडिलांचे जंतू मला जरा जास्तच वाटतात. तीन जातीचे आहेत. घरी जोड उघडता का?"

"नाई जी," अनुप म्हणाला. त्यानं खरंच विश्वासानं सांगितलं. राधाबाई पदराच्या गाठीशी चाळा करत उभी होती.

गोळ्या झाल्या, पुन्हा तपासणी झाली. हा दुसरा रिपोर्ट घ्यायला गेले त्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाई कुंताबाई, तिचा नवरा घनश्याम. लाखनीच्या पलीकडे तलावाकाठी त्यांचं धानाचं शेत. त्यालाही नळी, त्याचीही तारीख लांबलेली. दोन बायका बाकावर बसल्या की पाचव्या मिनिटाला एकमेकींच्या घरात पोचतात.

"बाई, तुमच्या घरच्यायची नळी गळत नाई का वो?" कुंताबाईनं विचारलं. "आमच्यायची तं सारी खाट ओली करते. मानूस कोनात बसत नाई आता लाजेनं."

राधाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. रीना सिस्टर लांब होती. कुणी आपल्या कसबाबद्दल विचारावं आणि आपण गप्प बसावं, हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिनं कानाशी लागून सगळं सांगितलं. जोड काढायचा, कोरडा करायचा, पेजेत बुडवलेला धागा गुंडाळायचा.

"पेज ताजी घ्याची का?"

"आंबलेली असन तं आनखी चांगली. चिकटते."

"सिस्टर रागावन न?"

"सिस्टरले कायले सांगता? इथं याच्या आंधी कापून टाकाचा."

एवढ्यावर ती थांबली नाही. पिशवीत हात घालून तिनं सुताच्या भरलेल्या दोन कांड्या काढल्या आणि कुंताबाईच्या ओंजळीत ठेवल्या. बाजारचा दोरा चालत नाही म्हणाली. कुंताबाईनं त्या कपाळाला लावून ब्लाउजात ठेवल्या. राधाबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं, दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं.

दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट होता. ज्या औषधांपुढे जंतू मरतात आणि ज्यांपुढे मरत नाहीत अशी लांबलचक यादी होती, आणि मरत नाहीत तीच बाजू भरलेली. डॉक्टरांनी यादीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले की आता एकच इंजेक्शन हाताशी उरलं आहे. जुनी नळी काढून नवी टाकू, म्हणजे जंतूंची वस्तीच उठेल. पाच दिवस इंजेक्शन पवनीतच घ्यायचं आणि सहाव्या दिवशी ऑपरेशन. "ही पाच दिवसांची फट आहे. त्यात दुसरं काही आत शिरता कामा नये," असं ते म्हणाले, आणि ह्या वेळी राधाबाईकडे बघून म्हणाले.

ती ते ऐकून घाबरली होती, खोटं कशाला बोलू. नवी नळी आली, नवी पिशवी आली, जोड असा घट्ट की थेंब गळायचं नाव नाही. दोन दिवस तिनं हात लावला नाही. गाडग्याकडे सकाळी नुसतं बघायची आणि कांड्या भरायला बसायची. त्या दोन दिवसांत तिला सगळ्यात मोठं समाधान होतं ते हे, की आता लपवायला काही उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोतीलाल मागावर बसला. एक कापड अर्ध्यावर होतं आणि ऑपरेशननंतर महिनाभर बसता येणार नव्हतं. वीस-पंचवीस हात मारून झाले आणि तो थांबला. पिशवी चाचपली. पुन्हा विणायला लागला, पुन्हा थांबला. कोरडंच होतं, पण त्याचा जीव कापडात नव्हता, पायाशी होता.

"बांध न वो," तो म्हणाला.

"गळत नाई नं पन."

"गळल्यावर बांधून का फायदा? वास एकदा लागला की लागला. तार नरम दिसली की तुटाच्या आंधी खळ देत नाई का आपन?"

हे बोलणं विणकराचं होतं आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कमजोर तार तुटायच्या आधी सावरायची, हे राधाबाईला सासूनं पहिल्या वर्षी शिकवलं होतं. डॉक्टरांचं बोलणं सहा आठवड्यांचं, सासूचं पन्नास वर्षांचं. तिनं सूत काढलं. गाडगं उन्हाळ्यानं चांगलंच आंबलं होतं, वर बुडबुडे आले होते. तिनं जोड ओढून काढला, पुसला, खोचला, बांधला. दुसऱ्या दिवशी धागा सैल पडला नव्हता तरी नवा बांधला. पाचव्या दिवशी अनुपच्या मित्राच्या गाडीतून भंडाऱ्याला निघायचं होतं. परक्याच्या गाडीच्या सीटवर डाग नको, म्हणून पहाटे आणखी एकदा. दवाखान्याच्या फाटकाबाहेर, अनुप गाडी लावायला गेला तेवढ्यात, तिनं ब्लेड फिरवून धागा काढला आणि पदराला बांधला.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन अनुपच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पाण्याच्या मोठमोठ्या बाटल्या आत जात होत्या, लालसर पाणी बाहेर येत होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते गुलाबी झालं. मोतीलालनं चहा मागितला. "आता चार दिवसात नळी निंघन. मंग कापड पुरं करतो," म्हणाला. राधाबाईनं खिडकीतून दिसणाऱ्या कळसाला हात जोडले, कुठल्या देवळाचा होता ते तिला माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वैशाखाच्या उन्हानं भिंती तापलेल्या असताना, तो म्हणाला, "अवो, थंडी वाजून राहिली मले. गोधडी दे."

तिला आधी हसू आलं. मग तिनं हात धरला आणि तो हात तिच्या हातात थडथड उडू लागला. दात वाजत होते, पलंग वाजत होता. एक चादर, दोन चादरी, शेजारच्याची गोधडी, तरी हुडहुडी थांबेना. रीना सिस्टर धावत आली, मग डॉक्टर आले. ताप, नाडी, रक्त घेणं, सगळं झालं, आणि डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"हे कळत नाही मला," ते म्हणाले. "जुन्या जंतूंवर इंजेक्शन चालू आहे, नळी नवी होती. हा दुसराच कुठलातरी जंतू शिरलेला दिसतो. रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. राधाबाई, आजोबा, खरं सांगा, मी रागावणार नाही. घरी जोड उघडला होता का? उघडला असेल तर मी रिपोर्टची वाट बघत नाही, आत्ताच औषध बदलतो. त्या औषधानं मूत्रपिंडं जाऊ शकतात, म्हणून उगीच देता येत नाही. विचार करून सांगा."

ह्याहून सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारला नसेल. राधाबाईचं तोंड उघडलंही. पण पलंगाच्या पलीकडे अनुप उभा होता. त्यानं लिहिलेला कागद, दोनदा वाचून दाखवलेला, तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

आणि तेवढ्यात मोतीलाल बोलला. दात वाजत होते, तरी स्पष्ट बोलला.

"नाई जी डॉक्टरसाहेब. कोनीच हात नाई लावला."

पन्नास वर्षांत ह्या माणसानं बायकोला कधी दोन गोड शब्द ऐकवले नव्हते. त्यानं एकदाच तिला पाठीशी घातलं, ते असं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटल्या, जशी काही मोठीच अडचण निस्तरली.

"राधाबाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई उघडला," ती म्हणाली.

तिला वाटलं, संध्याकाळी सांगू, अनुप जेवायला गेला की. अनुप जेवायला गेलाच नाही. तिला वाटलं, ताप उतरेल, मग सांगायचं कारणच पडणार नाही. ताप दुसऱ्या दिवशी खरंच उतरला, इतका उतरला की अंग गार पडलं, आणि मोतीलाल माणसं ओळखेनासा झाला. हवेत दोन बोटं धरून तो काहीतरी पिळत होता. शेवटच्या सकाळी त्यानं पायाशी चाचपलं आणि म्हणाला, "पक्का बसला." दुपारी गेला.

रक्ताचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला. डॉक्टर थकलेल्या आवाजात अनुपला सांगत होते की हा जुन्यांपैकी नव्हताच. हा ओलीत, आंबलेल्या-नासलेल्यात वाढणारा जंतू, बाहेरून आलेला. कुठून आला कळलं नाही. वेळेवर कळलं असतं तर दुसरं औषध दिलं असतं, कदाचित वाचलेही असते. कदाचित, असं ते दोनदा म्हणाले. राधाबाईनं पदराची गाठ मुठीत दाबून धरली होती. आत तीन धागे होते.

मग राख झाली, वैनगंगेत अस्थी गेल्या, दहावा झाला, तेरवी झाली. आळीतल्या बाया तिला जेवायला लावत आणि ती जेवे. अनुप तिच्याशी फार मायेनं वागत होता, तिच्या उशाशी पाण्याचा लोटा ठेवायचा, आणि त्याची ती माया तिला सहन होत नव्हती. दिवसरात्र तिच्या डोक्यात एकच चरखा फिरत होता: मी मारलं. मी बांधलं, मी लपवलं, मी नाही म्हटलं. तेरा दिवस तिनं दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही. पश्चात्तापही माणसाला किती आपमतलबी करतो बघा.

चौदाव्या दिवशी ती चुलीजवळ गेली. खळीचं गाडगं तसंच होतं. त्यात हिरवट साय धरली होती आणि वास नाकाला सोसवत नव्हता. गाडगं उकिरड्यावर फोडायचं म्हणून तिनं उचललं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आंबलेली असन तं आनखी चांगली.

गाडगं तिच्या हातून सुटलं. ज्या बाईनं दोन कांड्या कपाळाला लावल्या होत्या, तिचा चेहरा तिला आज आठवला.

नंबर तिच्याकडे नव्हता, नुसतं गावाचं नाव होतं. "अनुप, मले लाखनीकडे घेऊन चाल. आत्ताच," ती म्हणाली. नवरा जाऊन सव्वा महिना झाल्याशिवाय बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. गिरजाबाईनं दारात आडवं होऊन सांगितलं. राधाबाई तिच्या बाजूनं वाट काढून मोटारसायकलवर जाऊन बसली. अनुपला वाटलं मायच्या डोक्यावर परिणाम झाला. नवतपा, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, रस्त्याचं डांबर वितळत होतं, ट्रकांचा गरम धुरळा तोंडावर येत होता. सगळ्या रस्त्यानं ती मनात एकच म्हणत होती, तिनं बांधलाच नसेल. शेतकऱ्याच्या बाईला कुठे जमतो असा धागा.

तलावाच्या पाळीखालचं घर सापडलं. कुंताबाई अंगणातच होती. तिनं राधाबाईचं मोकळं कपाळ पाहिलं, उघडे हात पाहिले, आणि हातातलं घमेलं टाकून तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. कुंताबाईचं रडणं स्वच्छ होतं. डोळे पुसत ती म्हणाली,

"का लिवलं असते कोनाच्या नशिबात, बाई. पन तुमचं नाव मी रोज घेतो. तुमच्या धाग्यानं आमचं मानूस मानसात आलं. एक थेंब नाई गळत आता. तिकडं पाहा, बसले आहेत ओसरीत. सकाळपासून उगाच थंडी थंडी करून राहिले. ऊन बाधलं असन."

ओसरीत बाजेवर घनश्याम बसला होता. बाहेर ऊन डोळे फोडत होतं आणि त्यानं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. गोधडी हलत होती.

राधाबाई बाजेशी गुडघ्यांवर बसली. तिनं गोधडी बाजूला केली, जोड शोधला. वेढे शेजारी शेजारी बसले होते, घट्ट, सारखे, पिवळे पडलेले. शेतकऱ्याच्या बाईला सुरेख जमलं होतं. ब्लेड तिनं आणलं नव्हतं. तिनं खाली वाकून दातांनी धागा तोडला.

"अवो बाई, काहून तोडलं?" कुंताबाई ओरडली. "आता गळन नं ते!"

"गळू दे," राधाबाई म्हणाली. "या धाग्यानंच आमचे गेले. मीच बांधत होतो. जोड उघडून, रोज. खळीतला जंतू रक्तात गेला. डॉक्टरनं इचारलं तं मी नाई म्हटलं. येले आत्ता भंडाऱ्याले न्या, आत्ता, अन् डॉक्टरले सांगा का जोड उघडला होता, पेज लावली होती. लपवू नोका. मी लपवलं."

मोटारसायकलजवळ उभा असलेला अनुप तिथेच राहिला. एवढ्या अंतरावरून सगळं ऐकू येत होतं. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तो अ‍ॅम्ब्युलन्सला गावाचं नाव सांगायला लागला. त्यानं मायकडे पाहिलं नाही.

कुंताबाई हळूहळू खाली बसली.

"तुमाले कवा समजलं हे?"

"ते गेले त्याच दिवशी."

"अन् कवा गेले ते?"

"चौदा दिवस झाले."

कुंताबाई बोटांवर मोजत होती की काय कोण जाणे, तिचे ओठ हलत होते. घनश्यामचे दात वाजू लागले होते. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. ते पुसायला राधाबाईनं पदराचं टोक पुढे केलं, त्यातली गाठ अजून तशीच होती. कुंताबाईनं तिचं मनगट मधेच पकडलं. धरणारा हात चिखलात धानाची रोवणी केलेला, तो सुटण्यासारखा नव्हता.

"हात नोका लावू त्यायले," ती म्हणाली.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ राधाबाई ओसरीच्या खाली उन्हात उभी होती. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले होते.